चिंचेच्या फाट्यावर कुणी हात केला नाही

चंद्रपूर-गडचिरोलीकडे लोक वाघ बघायला जातात. मी गाड्या बघायला गेले होते. परत आल्यावर शेजारणीनं विचारलं, वाघ दिसला का? नाही म्हटलं. मग काय बघितलंस एवढ्या लांब जाऊन, म्हणाली. तिला तेव्हा काही सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते.

कराडच्या अलीकडे हायवेला आमचं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. नवऱ्यानं सुरू केलं, तो गेल्यावर मी चालवते. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, मालक कुठायत? मालक तुमच्या समोर उभाय, असं म्हणायला मला दोन वर्षं लागली. आता माझ्या तोंडाला लगाम नाही, हे सगळ्या लाईनला ठाऊक आहे. माझ्यासोबत असतो बापू. नवऱ्याच्या वेळचा मेस्त्री, मला वहिनी म्हणतो आणि दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक जेवणाबद्दल असतं.

महाबळेश्वरकडच्या दोन रिसॉर्टवाल्यांना उघड्या जिप्स्या हव्या होत्या, जंगलात चालवलेल्या. ताडोब्यात गाडी ठरावीक वर्षं चालली की सफारीतून बाद होते आणि मग विकायला निघते, हे ऐकून होते. चंद्रपूरचे दलाल वामनभाऊ फोनवर म्हणाले, "तुम्ही याच ना मॅडम, मी बसलो आहो इथी." मॅडम म्हणू नका म्हटलं. मग ते मला बाई म्हणायला लागले. तिकडे बाई हा मानाचा शब्द आहे. आमच्याकडे कुणी बाई म्हटलं तर मी भांडले असते.

गडचांदूर

चंद्रपूर स्टेशनवर उतरलो, तर्री-पोहे खाल्ले. हरभऱ्याचा रस्सा पोह्यांवर ओततात. बापूनं दोन प्लेट संपवल्या आणि म्हणाला, "झणका आहे." दिवसाचं एक वाक्य तिथंच खर्ची पडलं.

वामनभाऊ आम्हाला आधी गडचांदूरला घेऊन गेले. सिमेंटच्या कारखान्यांचं गाव. तिथल्या ठेकेदाराच्या चार गाड्या विकायला निघाल्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं, घरांची कौलं, टपरीवरचे पाण्याचे हंडे, सगळ्यांवर पांढरट थर. कापसाच्या शेतातल्या उभ्या पऱ्हाट्यासुद्धा पिठात लोळवल्यासारख्या. टपरीवरची बाई चहा देण्याआधी कपात फडकं फिरवत होती, आणि फडकंही त्याच रंगाचं होतं.

गाड्या वरून चकाचक होत्या, ताजा रंग. बापूनं खिशातून लोहचुंबक काढलं आणि दरवाजांवरून फिरवलं. जिथं पत्रा आहे तिथं चिकटतं, जिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय तिथं घसरतं. चारही गाड्यांवर ते सारखं घसरत होतं. मग त्यानं दाराच्या आतलं रबर उचकटलं. आत सिमेंटची धूळ ओल धरून दगड झाली होती.

"माणसाच्या छातीत काय होत असेल हो?" मी वामनभाऊंना विचारलं.

"तेच होते," ते म्हणाले. "पण माणसाले रबर उचकटून कोण पाह्यते."

एकही गाडी घेतली नाही. ठेकेदार आम्हाला चार शब्द बोलला, मीही बोलले. त्याची मला खंत नाही.

मोहर्ली

मोहर्लीत उजाडता उजाडता ताडोब्याच्या गेटवर गाड्यांची रांग लागते. शहरातली माणसं हिरवे-खाकी कपडे घालून, गळ्यात कॅमेरे अडकवून बसलेली. सगळी कशी एका वर्गातली मुलं वाटतात. गावातली माणसं त्यांना पोहे, चहा, टोप्या विकतात. मोहाची फुलं पडायचा हंगाम होता. सरपंचांच्या घरामागे एक म्हातारी फुलं वेचत होती आणि दर थोड्या वेळानं कंबर सरळ करून जंगलाकडे बघत होती. आदल्या वर्षी तिच्या जावेला तिथंच वाघानं नेलं होतं. "मग तुम्ही तिथंच कशा वेचता?" मी विचारलं. ती म्हणाली, "झाड तिथीच आहे ना बाई."

जिप्सी एक मिळाली, चांगली. मालकानं देताना बोनेटला हळद-कुंकू लावलं आणि डोळे पुसले. आमच्याकडे गाडी घेताना पूजा करतात, देताना कुणी करत नाही. मला ते आवडलं. गाडी ट्रकवर चढवून पाठवून दिली. तिथंच परत फिरलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण वामनभाऊ म्हणाले, अहेरीच्या पलीकडे एक बोलेरो आहे. एका हाताची. मालकानं स्वतः चालवलेली, एक ठोकर नाही. आमच्या गावाकडं दूधवाले, भाजीवाले अशी गाडी शोधतच असतात. मी हो म्हटलं.

अहेरीच्या पलीकडे

आलापल्लीला रात्र काढली आणि सकाळीच वामनभाऊंच्या गाडीतून निघालो. सागाची झाडं पानगळ होऊन उभी होती. खाली वाळलेल्या पानांचा एवढा थर की गाडीच्या वाऱ्यानं ती उडून पुन्हा मागे बसत. मध्येच लोहखनिजाचे ट्रक येत, आणि ते गेले की दोन्हीकडची झाडं तांबडी दिसत. रस्त्याची पार चाळण झाली होती. मोबाईलची रेघ कधीच गेली होती. वाटेत माणसं भेटत, बाजाराला निघालेली. डोक्यावर मोहाच्या टोपल्या. त्यांच्याजवळून गेलो की ती बाजूला होत, पण एकानंही हात दाखवला नाही. आमच्याकडे हायवेला उभं राहिलेला माणूस सायकललासुद्धा हात करतो.

"इथी अनोळखी गाडीले कोणी हात करत नाई," वामनभाऊ म्हणाले. "आन हात केल्याशिवाय गाडीवाला थांबत नाई. कोण कोणाचं माणूस आहे, कोणाले माहीत? इतकी वर्षं तसंच चालून राह्यलं."

गावाचं नाव मी लिहीत नाही. मोठा तलाव आहे, तलावाच्या पाळीला धरून घरं. बोलेरोचे मालक तुळशीरामभाऊ. धान आणि तलावातली मासळी, यावर घर चाललेलं. गाडी घेतली ती मासळी अहेरीच्या बाजारात न्यायला. पण गाडी गावात एकच, आजूबाजूच्या गावांतही नाही. त्यामुळे बाजाराच्या दिवशी सकाळी ती मासळी आणि माणसं घेऊन अहेरीला जाणार, आणि बाकी कुठल्याही वेळी कुणाला साप चावला, कुणाला कळा सुटल्या, की लोक तुळशीरामभाऊंच्या दारात. त्यांनी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही, असं वामनभाऊ सांगत होते.

गाडी मांडवाखाली उभी होती. पांढरी, वर भलाथोरला कॅरिअर, बोनेटवर दोन लाल फडकी बांधलेली, आणि समोरच्या काचेवर वरच्या बाजूला लाल रेडियमची ठसठशीत अक्षरं : वनिता. खाली दोन मोर.

"वनिता म्हणजे?" मी विचारलं.

"पोरगी माही," तुळशीरामभाऊ म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते जरा तिरकं, मान वळवून, कोंबडं बघतं तसं. तेव्हा मला कळलं की यांच्या डोळ्यांत काहीतरी आहे.

बापूनं बोनेट उघडलं. मी गाडीभोवती फिरले. चुंबक सगळीकडे चिकटलं. फक्त डाव्या बाजूला, चाकावरच्या पत्र्यात, ताजा पोचा होता.

"हे कशाचं?"

ते म्हणाले, "बकरीचं. शेजाऱ्याची बकरी. मले वाटलं गोटा आहे. समोरचं दिसते थोडंसं, बाजूचं दिसत नाई. धुपटात पाहून राह्यल्यासारखं. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलं ते येत नाई, राह्यलं तेही जाईन. आज बकरी होती बाई. उद्या लेकरू असन."

"मग चालवू नका."

"गाडी दारात असली की मले नाई म्हणता येत नाई," ते म्हणाले. "मानूस येऊन पाय धरते. मी म्हणतो दिसत नाई, तो म्हणते मी बाजूले बसून सांगतो भाऊ, तुम्ही फक्त चालवा. म्हणून गाडीच नको."

इतकं सरळ कारण मी आमच्या धंद्यात कधी ऐकलं नव्हतं. गाडी विकणारा माणूस नेहमी म्हणतो, मोठी घ्यायचीय.

आतून त्यांची बायको कौसल्याबाई आल्या. हातात पाण्याचा गडवा. नवऱ्याशी बोलत नव्हत्या, ते दिसतच होतं. मला आत घेऊन गेल्या, चुलीजवळ पाट दिला आणि बोलायला लागल्या.

"पोरगी नवव्या महिन्यात आहे. पहिलं बाळंतपण, इथीच व्हाचं आहे. सासरी बसली आहे, इथून अहेरीच्या रस्त्यावर चिंचेचा फाटा लागते ना, त्याच्या आत. अमावास्या झाल्याशिवाय आणता येत नाई, म्हणून थांबलो. मी याहीले म्हणतो, पह्यले पोरीले आणा, तिचं सुखरूप होऊ द्या, मग विका. ऐकूनच नाई राह्यले. तुम्ही बाईमानूस आहा. आठ दिवस थांबा ना."

मी बाहेर येऊन तुळशीरामभाऊंना म्हटलं, "त्या म्हणतायत तेही खरं आहे."

"पोरीले आणाले मी अहेरीहून भाड्याची गाडी करतो. बोललो आहो त्याच्याशी," ते म्हणाले. "मी चालवली तर पोरगीच मारीन. तिले मी अजून सांगितलं नाई गाडी विकतो म्हणून. तिच्या नावाची आहे, रडन. घरी आली की सांगतो." मग आवाज खाली करून म्हणाले, "बाई, आज न्या. गावातले लोक पहाटेच ट्रॅक्टरनं बाजारात गेले. मी सांगितलं गाडी बिघडली. ते वापस आले तर नेऊ देनार नाईत."

एकीकडे ती आई, एकीकडे हा माणूस. मला त्याचं पटलं. आजही पटतं. न दिसणाऱ्या माणसाच्या दारात चालू गाडी ठेवू नये. मी इसाराचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले.

आमच्या यार्डाची एक रीत आहे, नवऱ्यापासूनची. इसार घेतला की बापू जागच्या जागी गाडीवरचं नाव उतरवतो. नाव उतरलं की विकणाऱ्याचं मन मागे फिरत नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला गाडी कोरी वाटते. बापूनं बादलीभर पाणी मागितलं आणि पात्यानं अक्षरं खरवडायला घेतली. रेडियम उन्हानं काचेला घट्ट बसलं होतं. लाल भुगा त्याच्या मनगटावर पडत होता. कॅरिअर तुळशीरामभाऊंच्या भावानं मागितला होता, तो उतरवला. लाल फडकी कौसल्याबाईंनी स्वतः सोडली आणि पदरात बांधली.

"हॉर्न मी ठेवू का?" तुळशीरामभाऊंनी विचारलं. "त्या हॉर्नवर लोक घरातून निघतात. दुसऱ्या गावी त्याचं काय काम?"

तो तीन सुरांचा हॉर्न होता. बापूनं तो काढून साधा बसवला, नि जुना एका नायलॉनच्या पिशवीत घालून त्यांना दिला.

कौसल्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. सगळं उतरवून झाल्यावर म्हणाल्या, "बोडकी केली गाडी." मला ते लागलं. माझ्याही कपाळाकडे बघून आमच्याकडे लोक तसंच काहीबाही बोलले होते एकेकाळी. पण त्या मला उद्देशून बोलल्या नव्हत्या, म्हणून गप्प बसले. मग त्यांनीच जेवायला बोलावलं. भात, आणि तलावातल्या माशांचा लाल रस्सा, वरून सांबार. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इतकी चांगली मासळी मी कोकणातही खाल्लेली नाही. वाढताना त्यांचा हात सढळ होता आणि तोंडातून शब्द नव्हता.

चिंचेचा फाटा

पुढे वामनभाऊंची गाडी, मागे बोलेरो. बापू चालवत होता. तुळशीरामभाऊ अहेरीपर्यंत येणार होते, सहीचं आणि बँकेचं काम होतं. ते आणि मी मागच्या सीटवर. पिशवी त्यांच्या मांडीवर. गाडीत मासळीचा वास खोल मुरलेला होता. बापूनं काच खाली केली तर गरम वारा आत आला, मग पुन्हा वर केली.

तुळशीरामभाऊ आपल्याच गाडीत मागे बसले होते, आणि बापू कसा चालवतो ते कानानं बघत होते. एका ठिकाणी म्हणाले, "इथी खड्डा आहे, उजवीकडून घ्या." खड्डा होता. पुढे म्हणाले, "पुलाच्या आधी दाबा." पूल आला.

मग त्यांनी विचारलं, "चिंच आली का मोठी? उजव्या हाताले."

"आली वाटतं," मी म्हटलं. मोठं झाड, खाली सावली.

"फाटा तोच. माह्या पोरीचं गाव आत आहे." ते जरा पुढे सरकून बसले. "कोणी उभं आहे का?"

"आहेत तिघं-चौघं. एक बाई बसलीय झाडाला टेकून."

"हात करून राह्यले का?"

बापूनं गाडी हळू केली होती. मी नीट बघितलं. दोन बायका, एक तरुण माणूस, आणि ती निळ्या लुगड्यातली, बसलेली. तरुण माणसानं गाडीकडे बघितलं. आधी काचेकडे, मग वर टपाकडे, जिथं कॅरिअर असतो. त्याचा हात थोडा उचलला गेला, तो त्यानं कपाळावर नेला आणि आमच्या मागे, रस्त्याकडे, दूरवर बघायला लागला.

"नाही," मी म्हटलं. "कुणाची तरी वाट बघतायत."

"मग चला. हात नाई केला म्हणजे आपल्यासाठी नाईत." ते मागे टेकले. थोड्या वेळानं म्हणाले, "बरं झालं. तिच्या सासरचं कोणी असतं आन गाडीले ओळखलं असतं, तर सांगा लागलं असतं."

बापूनं गाडी तिसऱ्यात टाकली.

अहेरी

बाजाराचा दिवस होता. वाळलेले मासे, मोहफुलांचे ढीग, बांबूच्या टोपल्या, पलीकडून आलेले तेलुगू बोलणारे मिरचीवाले. मी एक सूप घेतलं, इतकं बारीक विणलेलं की आमच्याकडे ते कुणी पाखडायला काढणार नाही, भिंतीला लावील. बँकेचं काम झालं. वामनभाऊ दुसऱ्या कुणाकडे गेले. बापूला मागचा पाटा ढिला वाटत होता, म्हणून सरकारी दवाखान्यासमोरच्या गॅरेजमध्ये गाडी लावली. तुळशीरामभाऊ तिथंच बाकावर बसले, मांडीवर पिशवी. गावचा ट्रॅक्टर सकाळी एक खेप टाकून परत गेला होता. दुपारी तो लोकांना न्यायला पुन्हा येणार, त्यातून ते जाणार होते.

ट्रॅक्टर आला, पण बाजाराकडे वळला नाही. तो सरळ दवाखान्याच्या फाटकात घुसला. ट्रॉलीत भाताचं तणस पसरलेलं, त्यावर चादर, आणि चादर धरून दोन बायका. चिंचेखाली उभ्या होत्या त्या दोघी. त्यातली एक ओरडत होती. ट्रॉलीतून उचलून ज्या मुलीला आत नेलं, तिचं लुगडं निळं होतं.

मी ते लुगडं ओळखलं. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. बाकावर बसलेल्या माणसाला यातलं काही दिसलं नव्हतं. त्यांनी नुसतं ट्रॅक्टरच्या आवाजावरून विचारलं, "आपल्या गावचा दिसते. इकडं काऊन आला?"

माझ्या तोंडाला पहिल्यांदा लगाम लागला.

बऱ्याच वेळानं तो तरुण माणूस बाहेर आला. पाणी प्यायला गॅरेजच्या नळाकडे आला, आणि नळ उघडता उघडता त्याला बाकावर बसलेले सासरे दिसले. तो तसाच उभा राहिला. नळ वाहत राहिला.

"मामाजी," तो म्हणाला. "तुम्ही इथी?"

तुळशीरामभाऊंनी आवाजाकडे मान तिरकी केली. "कोण? जावई? तुम्ही इकडं कसे?"

"वनिताले आणलं. सकाळीच पोटात दुखाले लागलं. फोन लागला नाई, म्हणून फाट्यावर आणून बसवलं. बाजाराचा दिवस, तुमची गाडी येतेच ना. दोन जीपा गेल्या बाजाराच्या, मी म्हटलं यात बसू. ती म्हणे, नाई, आबाची गाडी येते, थांबा. आम्ही वाट पाहून राह्यलो, पाहून राह्यलो. मग दुपारी तुमच्या गावचा ट्रॅक्टर बाजाराले चालला होता, त्यातच टाकलं. गाडी कुठी आहे तुमची, मामाजी? काऊन नाई आली?"

गाडी त्याच्या समोर उभी होती, तीन हातांवर. त्यानं तिच्याकडे बघितलंही होतं. कोरी काच, रिकामा टप.

तुळशीरामभाऊ उठले. हात पुढे करून चाचपत दोन पावलं गेले आणि बोनेटवर पंजा टेकवला. "हेच आहे," ते म्हणाले.

जावयानं गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्याला मी आठवले असणार, काचेतून बघणारी. तो मला बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

मूल गेलं. मुलगी होती. वनिता वाचली, पण डॉक्टरांनी जे सांगितलं त्यावरून पुन्हा मूल होणं कठीणच आहे. पोचायला उशीर झाला, एवढंच ते म्हणाले, आणि ते खरं होतं. मला राग आला होता, सगळ्यांचा. त्या अमावास्येचा, त्या रस्त्याचा, ज्याच्या एका रेघेसाठी टेकडीवर चढावं लागतं त्या फोनचा, नाव उतरवायच्या आमच्या रीतीचा. बापू दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. मनगटावरचा लाल भुगा त्यानं अजून धुतला नव्हता. तो आता कोरड्या हातानंच चोळून काढत होता.

उन्हं उतरल्यावर तुळशीरामभाऊ दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले. मी त्यांच्याजवळ बसले. गाडी परत घ्या, मला नको, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

"दिसत नाई तर गाडी काय करू," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही पाह्यलं ना तिले फाट्यावर. मले सांगा. कशी बसली होती?"

मी सांगितलं. खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण त्या माणसाशी बोलता येईना. निळं लुगडं. पाठ झाडाला टेकलेली. पाय लांब पसरलेले, एक हात पोटावर, आणि डोळे मिटलेले.

"डोळे मिटून?"

"हो."

"तशीच बसे ती लहानपणापासून. शाळा सुटली की त्याच फाट्यावर बसे, मी येईपर्यंत. डोळे मिटून घे. म्हणे, आबा, मी पाहून नाई, ऐकून ओळखतो तुमची गाडी."

त्यांनी मांडीवरची पिशवी उचलली आणि चाचपून माझ्या हातात दिली. "हाही घेऊन जा," ते म्हणाले. "गाडीचाच आहे."

बापू गाडी घेऊन एकटा कराडला आला, मी रेल्वेनं. पुढच्या महिन्यात पाटणकडच्या एका दूधवाल्यानं ती बोलेरो घेतली. गाडी चांगली आहे, त्याची काही तक्रार नाही. आता इसार घेतला तरी बापू नाव उतरवत नाही, गाडी आपापल्या नव्या गावी पोचू दे म्हणतो, मग ज्याचं त्यानं उतरवावं. मी त्याला तसं सांगितलेलं नाही, आणि अडवलंही नाही. हॉर्नची पिशवी माझ्या टेबलाखाली आहे. दूधवाल्याला ती दिली नाही.